दस्त्याची लांबी ठरवण्यापूर्वी: एअर रायफल नेमबाजांसाठी तयारीची यादी

दस्ता म्हणजे रायफलचा खांद्याकडचा भाग, आणि बट प्लेट म्हणजे त्याच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी. ट्रिगरच्या पात्यापासून बट प्लेटच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. नवी रायफल हाती आली की पेटीतली ॲलन की काढून सर्वांत आधी याच अंतराशी खेळण्याचा मोह होतो, आणि पुढचे कित्येक आठवडे नेमबाज आपल्या शरीराला रायफलच्या मापात बसवत राहतो. ही यादी सोलापुरात दहा मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्यांसाठी, त्यातही शालेय आणि कनिष्ठ गटातील मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी लिहिली आहे. उजव्या हाताने नेम धरणारा नेमबाज येथे गृहीत धरला असून डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात. कामाचा क्रम मात्र कोणी बदलू नये: आधी कायदा आणि स्पर्धेचे नियम, मग उभे राहण्याची पद्धत, मग पोशाख, आणि स्क्रूला हात सर्वांत शेवटी.

कायद्याची बाजू थोडक्यात आटोपते, पण ती पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनुसार, नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा जास्त नसलेल्या आणि मझल एनर्जी, म्हणजे नळीतून बाहेर पडतानाची छर्र्याची ऊर्जा, २० ज्यूलच्या वर न जाणाऱ्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफली या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. दस्ता पुढेमागे केल्याने या दोन्ही आकड्यांत काहीच फरक पडत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरती भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र दस्त्याचे काम चालू असताना कोणी ताकद वाढवून देण्याचा प्रस्ताव मांडला तर त्याला स्पष्ट नकार द्यावा, कारण तेथून परवान्याचा प्रश्न सुरू होतो. पुढे .२२ रायफलकडे, म्हणजे काडतुसावर चालणाऱ्या अग्निशस्त्राकडे, वळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिला परवाना हवाच, तो शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय अग्निशस्त्राची नळी आखूड करता येत नाही. म्हणून .२२ रायफल फार लांब किंवा पुढे जड वाटत असल्यास उपाय दस्त्यात आणि वजनांत शोधावा, नळीत कदापि नाही, आणि दुरुस्तीसाठी परवानाधारक शस्त्र कारागिराकडेच जावे. सुतारकामात वाकबगार असलेला ओळखीचा माणूस लाकडी दस्ता घासून देईल, पण परवान्याची रायफल त्याच्या दुकानात ठेवून येणे कायद्यात बसत नाही.

एअर रायफलला परवाना लागत नसला तरी खरेदीची पावती, मॉडेल व क्रमांक यांची नोंद आणि ओळखपत्राची प्रत पेटीच्या खणात कायम असावी. रायफल घरून रेंजवर नेताना बंद पेटीत, पेलेट (छर्रे) वेगळे आणि हवेचा सिलिंडर असल्यास तो निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे ठेवूनच न्यावी. गड्ड्याची यात्रा, गणेशोत्सव किंवा निवडणुका यांच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात. अशा दिवसांत सरावाला निघण्यापूर्वी आदेशाची प्रत वाचावी आणि शंका असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. भर यात्रेच्या गर्दीत रायफलची लांब पेटी घेऊन उभे राहण्यात तसाही काही शहाणपणा नाही.

यानंतर स्पर्धेचे नियम हाताशी ठेवावेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे दहा मीटर एअर रायफलचे वजन साइट्ससह (नेम धरण्याच्या साधनांसह) ५.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. अंगठ्यासाठी आरपार भोक असलेला दस्ता, अंगठ्याचा टेकू, तळहाताचा टेकू आणि स्पिरिट लेव्हल या गोष्टी या प्रकारात चालत नाहीत. बट प्लेट किती खाली उतरवावी आणि तिला किती खोल बाक असावा यांनाही मर्यादा आहेत. नियमपुस्तिकेच्या चालू आवृत्तीतील मोजमापांचा तक्ता छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. बाजारात मिळणाऱ्या काही बट प्लेट .२२ च्या प्रकारासाठी बनवलेल्या असतात, त्या दिसायला देखण्या आणि खांद्याला सुखावह असतात, पण उपकरण तपासणीच्या टेबलावर त्यांचे सुख संपते. कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी तो एअर रायफलच्या नियमांत बसतो का, हे विक्रेत्याला न विचारता तक्त्यावरून स्वतः पाहावे.

आता मुख्य भाग. बट प्लेट कोपराच्या खोबणीत टेकवून बोट ट्रिगरपर्यंत पोहोचते का, हे पाहण्याची जुनी रीत दुकानात रायफल निवडताना उपयोगी पडते, त्यापलीकडे तिला फारसा अर्थ नाही. दहा मीटर एअर रायफल उभ्याने चालवायची असते, आणि उभ्याच्या स्थितीत लांबी हाताच्या मापावरून ठरत नाही. कंबर किती पुढे गेली, डावे कोपर कमरेच्या हाडावर कोठे टेकले आणि मान किती सरळ राहिली, यांवरून ती ठरते. म्हणून प्रथम रायफल बाजूला ठेवून उभे राहावे. पाय साधारण खांद्याइतके रुंद, डावी कंबर लक्ष्याच्या दिशेने किंचित पुढे, पाठीचा वरचा भाग थोडा मागे, डावे कोपर बरगड्यांखाली हाडावर. या स्थितीत डोळे मिटून काही श्वास घ्यावेत. गुडघे किंवा कमरेच्या खालच्या भागात ताण जाणवत असेल तर तो ताण दस्त्याने जाणार नाही, आधी उभे राहणे सुधारावे लागेल. प्रशिक्षक नसेल तर घरच्या कोणाला तरी बाजूने आणि मागून छायाचित्र काढायला सांगावे. आरशात बघून ठरवण्यात तोटा असा की आरशाकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागते आणि जे पाहायचे आहे तेच बिघडते.

स्थिती बसल्यावर रायफल उचलून ती खांद्याकडे आणावी, खांदा रायफलकडे नेऊ नये. दस्ता फार लांब असेल तर शरीराचा भार टाचांवर जातो, नेमबाज पाठीतून मागे कलतो, उजवा हात ग्रिपपर्यंत ताणला जातो आणि ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. फार आखूड असेल तर चेहरा मागच्या साइटवर चढतो, मान आखडते, गाल चीकपीसवर (दस्त्यावरच्या गाल टेकवण्याच्या भागावर) दाबला जातो आणि डोळ्याच्या कडेला पाणी येते. आखूड दस्त्याची खोड अधिक फसवी आहे, कारण सुरुवातीला रायफल हलकी आणि ताब्यात असल्यासारखी वाटते. उंचीने लहान मुलांच्या बाबतीत प्रशिक्षकही तिकडेच झुकतात. माझ्या मते अडचण होईल इतकी लांबीही नको आणि खेळण्यासारखी आखूडही नको, पण दोन खाचांमध्ये मन अडकले तर वाढत्या मुलाने लांब खाच निवडावी.

येथे एक गल्लत नेहमी होते. बोट ट्रिगरवर नीट पोहोचत नाही म्हणून दस्ता आखूड केला जातो, वास्तविक बऱ्याच स्पर्धा-रायफलींमध्ये ट्रिगरचे पाते आणि ग्रिप दोन्ही स्वतंत्रपणे पुढेमागे सरकतात. ग्रिप धरून तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर येतो का आणि बोटाचा मधला भाग दस्त्याला न घासता मोकळा राहतो का, हे आधी बघून पाते हलवावे, आणि मगच बट प्लेटकडे वळावे. खांद्याची तक्रार आणि बोटाची तक्रार यांना एकच स्क्रू पुरत नाही.

लांबीचे माप नेहमी जॅकेट, बनियन, हातमोजा आणि बूट घालूनच घ्यावे. जॅकेटच्या कापडाची जाडी नियमाप्रमाणे एकेरी थरात २.५ मिलिमीटर आणि दुहेरी थरात ५ मिलिमीटरपर्यंत असू शकते. त्यात खांद्यावरचा रबरी तुकडा आणि आतला स्वेटर मिळवले की साध्या टी-शर्टवर घेतलेले माप निरुपयोगी ठरते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि तेव्हा दुपारी जॅकेट चढवून उभे राहणे म्हणजे घामाने निथळणे. घामाने बनियन अंगाला चिकटला की बट प्लेट खांद्यावर वेगळ्याच जागी बसते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावे, आणि हिवाळ्यात आत जाडसर स्वेटर घालण्याची सवय असेल तर ऋतू बदलताच माप पुन्हा तपासावे. जॅकेट सैल वाटत असेल तर ते शिंप्याकडे देण्याचा विचार सोलापूरकरांच्या मनात साहजिकच येतो, गणवेश शिवण्यात या शहराचा हात कोण धरणार! परंतु जॅकेटची जाडी आणि ताठरपणा दोन्ही उपकरण तपासणीत मोजले जातात. जादा अस्तर किंवा दाट शिलाई टाकून घेतलेले जॅकेट बाद होऊ शकते. बटणे सरकवून घेण्यापलीकडे शिंप्याला काम देऊ नये, आणि तेही नियम वाचूनच.

प्रत्यक्ष जुळवणीच्या दिवशी बरोबर योग्य मापाची ॲलन की, पोलादी पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल, कागदी चिकटपट्टी आणि वही असावी. रायफल रिकामी आहे याची दोघांनी मिळून खात्री करावी आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी खूणपट्टी) लावून मगच स्क्रू सैल करावा. सुरुवातीची जागा बट प्लेटच्या दांडीवर पेन्सिलीच्या रेघेने खुणावून वहीत मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. एका वेळी दोन ते तीन मिलिमीटरच सरकवावे, स्क्रू घट्ट करावा, रायफल खांद्याला लावावी, डोळे मिटून तीनचार श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साइटमधून दिसणारे लक्ष्य आडव्या दिशेत सरकलेले असेल तर पाय सरकवावेत, मनगटाने ओढून आणू नये; आणि डोळा साइटच्या मध्यावर न येता मान पुढे किंवा मागे न्यावी लागत असेल तर लांबी अजून जुळलेली नाही असे समजावे. दस्ता लांब-आखूड झाला की गाल चीकपीसच्या वेगळ्या भागावर टेकतो आणि डोळ्याचे मागच्या साइटपासूनचे अंतरही बदलते, त्यामुळे त्यानंतर साइट तिच्या पट्टीवर मागेपुढे करावी लागते. मात्र एका दिवशी लांबी, चीकपीस आणि बट प्लेटची उंची तिन्ही हलवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कशामुळे बरे झाले आणि कशामुळे बिघडले हे सांगता येत नाही. बट प्लेट मागे नेली की तोलही बदलतो; पुढे वजन लावून तो सावरता येतो, फक्त एकूण भार ५.५ किलोच्या आत आहे हे काट्यावर पाहून घ्यावे.

पाच मिनिटे सुखावह वाटलेली लांबी स्पर्धेत टिकेलच असे नाही. पात्रता फेरीत ६० शॉट्ससाठी ७५ मिनिटे असतात, त्याआधी तयारी व साइटिंगची (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणी शॉट्सची) १५ मिनिटे वेगळी, आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणून नवी लांबी ठरली की आधी पेलेटशिवाय ड्राय फायरिंग करावे, मग पूर्ण वेळेचा सराव करून चाळिसाव्या शॉटनंतर मान, खांदा आणि कंबर काय सांगतात ते वहीत टिपावे. तोवर गुणांकडे पाहू नये. बदलानंतरचे पहिले दोनतीन दिवस लक्ष्यावरच्या शॉट्सचा गट फाकतोच, आणि त्या घाबरटपणात जुन्या रेघेवर परतणारे पुष्कळ असतात.

वाढत्या वयाच्या मुलांची लांबी दर तीनचार महिन्यांनी तपासावी, शाळेत उंची मोजली जाते तेव्हाच हे काम केले तर विसरत नाही. रेंजवरची सामायिक रायफल वापरणाऱ्यांनी आपली मापे एका कार्डावर लिहून पेटीत ठेवावीत, आणि आपल्या आधीच्या नेमबाजाची पेन्सिलीची रेघ पुसू नये. बालेवाडीला किंवा अन्यत्र स्पर्धेसाठी जाण्यापूर्वी आदल्या दिवशी सगळे स्क्रू घट्ट आहेत का, बट प्लेट तक्त्यातल्या मर्यादेत आहे का आणि पावती व ओळखपत्र जागेवर आहे का हे पाहावे. रेल्वेच्या प्रवासात पेटीला बसलेल्या हादऱ्यांनी दांडी सरकली असेल तर उपकरण तपासणीला जाण्याआधी ती पेन्सिलीच्या खुणेशी पुन्हा जुळवून घ्यावी.