अवकाशातली लाट चेंबरात मावते का?

पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लाटा किलोमीटरमध्ये मोजतात, आणि त्या प्रयोगशाळेत उठवायच्या तर आपला व्हॅक्यूम चेंबर जेमतेम दोन-तीन मीटरचा. तेव्हा लाट टिपणारा तारेचा प्रोब गुंडाळायला बसण्याआधी कागद-पेन घ्या.

समजा चुंबकीय क्षेत्र ५ गॉस आहे आणि दर घन सेंटिमीटरमध्ये दहा हजार कोटी इलेक्ट्रॉन आहेत. इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राभोवती तो सेकंदाला किती वेळा घिरट्या घालतो तो आकडा, येते १४ मेगाहर्ट्झ. तिच्या दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे १.४ मेगाहर्ट्झला, व्हिसलरची (इलेक्ट्रॉनांच्या घिरट्यांवर चालणाऱ्या विद्युतचुंबकीय लाटेची) तरंगलांबी सुमारे ३२ सेंटिमीटर. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या २ मीटर व्यासाच्या लार्ज व्हॉल्यूम प्लाझ्मा डिव्हाइसमध्ये ती ऐसपैस बसते. आल्फव्हेन लाट, म्हणजे चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरतात ती संथ लाट, मात्र हट्टी. हीलियम, १००० गॉस आणि दसपट घनता धरली तर २०० किलोहर्ट्झला ती पाचेक मीटर भरते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं यंत्र २० मीटरच्या घरात आहे ते उगाच नाही.

लाट मावली म्हणजे अवकाश हाती आलं असं नाही. वरच्या व्हिसलरच्या आकड्यांत प्लाझ्मा वारंवारता (इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात ती, घनतेवर ठरणारी) सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या दोनशे पट निघते. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांत, जिथे वेगवान इलेक्ट्रॉन अडकलेले असतात, ती साधारण दहा पटींच्या आतच असते. लाट कशी पसरते हे पाहायला आपला चेंबर चालेल. ती इलेक्ट्रॉनांना किती ऊर्जा देते हे विचाराल तर फसाल.

खरा वेळ खातो चुंबकीय प्रोब. तो म्हणजे तारेची छोटी कॉइल: ३ मिलिमीटर व्यासाचे १० वेढे घेतले, तर १० मिलिगॉसच्या त्याच व्हिसलरचा सिग्नल ०.६ मिलिव्होल्ट. प्लाझ्माचं विद्युत विभव (व्होल्टेज) कॉइलमध्ये झिरपून याहून मोठा सिग्नल सहज देतं. म्हणून उलट-सुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल घ्या आणि त्यांची वजाबाकी करा. तरी शंका उरलीच तर प्रोबचा दांडा १८० अंशांत फिरवा: चुंबकीय सिग्नल उलटा होतो, झिरपलेला तसाच राहतो. कॅलिब्रेशन हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये (मधोमध एकसारखं, माहीत असलेलं क्षेत्र देणाऱ्या कॉइलच्या जोडीत), त्याच वारंवारतेला आणि त्याच केबलसकट. शंभर शॉटांच्या, म्हणजे प्रयोगाच्या शंभर आवर्तनांच्या, सरासरीने गोंगाट दहापट घटतो, पण ट्रिगरची (मोजणी सुरू करणाऱ्या इशाऱ्याची) वेळ दर शॉटला हलत असेल तर लाटही पुसली जाते.

व्हॅक्यूमबद्दल एवढंच: आधी १ मिलिबारच्या दहा लाखाव्या भागापर्यंत उतरा, मग त्याच्या शंभरपट दाबापर्यंत आर्गॉन सोडा. त्याहून फारच जास्त भरलात तर टकरींमुळे लाट प्रोबपर्यंत पोचण्याआधीच विरू शकते. दाब उतरता उतरेना आणि हीलियम लीक डिटेक्टरही गप्प, तर आतल्या स्क्रूंकडे बघा. आंधळ्या भोकाच्या तळाशी अडकलेली हवा तासन्‌तास सुटत राहते; स्क्रूच्या मधोमध आरपार बारीक भोक पाडलं की ती पटकन निघून जाते.