कपलिंग फॅसिलिटीला प्रोसेसर शेअर करून द्यायचा का? डायनडिस्प सेटिंग कसं बघायचं, कसं लावायचं

सिस्प्लेक्स (एकत्र मिळून काम करणाऱ्या आयबीएम मेनफ्रेम सिस्टिम्सचा गट) स्लो झालं की सगळे आधी डीबी2 डेटाबेसवाल्यांना धरतात, मग स्टोरेजवाल्यांना, आणि कपलिंग फॅसिलिटीचा (सीएफ, म्हणजे या सगळ्या सिस्टिम्सची सामायिक लॉक आणि डेटा सांभाळणारी) एलपार, म्हणजे मशीनचा तिला दिलेला भाग, शेअर्ड प्रोसेसरवर चाललाय का हे बघायचं शेवटी कुणालातरी सुचतं. खरं तर तिथूनच सुरुवात करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा की सीएफ ही झेडओएससारखी, म्हणजे मेनफ्रेमच्या नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टमसारखी, वागत नाही. तिच्यात जो सीएफसीसी हा तिचा स्वतःचा कंट्रोल कोड चालतो तो काम नसतानाही गोल गोल फिरत लिंकवर काही आलंय का बघत राहतो, म्हणजे पोलिंग. डेडिकेटेड आयसीएफ (सीएफसाठीचा खास प्रोसेसर, कुणाशी न वाटलेला) असेल तर हे उत्तमच, रिक्वेस्ट आली की लगेच उचलली जाते, काही मायक्रोसेकंदात उत्तर. पण तोच प्रोसेसर दोन सीएफमध्ये वाटला आणि दोन्हीकडे डायनडिस्प (काम नसताना सीएफने प्रोसेसर सोडायचा का हे ठरवणारं सेटिंग) ऑफ असेल तर टेस्टवाली सीएफ काहीही काम नसताना आपला पूर्ण टाइम स्लाइस खाऊनच उठते. हा स्लाइस साधारण 12.5 ते 25 मिलिसेकंदांचा असतो. तेवढा वेळ प्रॉडक्शनची लॉक रिक्वेस्ट दारात ताटकळत, जिचं काम एरवी 10-15 मायक्रोसेकंदात झालं असतं. हजार पटीचा फरक आहे हा.

आणि फटका फक्त सीएफला बसत नाही. सिंक्रोनस रिक्वेस्ट पाठवली की झेडओएसचा प्रोसेसर उत्तर येईपर्यंत तिथेच स्पिन करत बसतो, म्हणजे सीएफ हळू तर झेडओएसचा सीपीयू फुकट जळतो. झेडओएस तसा हुशार आहे, सर्व्हिस टाइम फार वाढला की तो रिक्वेस्ट स्वतःहून असिंक्रोनस करतो, म्हणजे उत्तरासाठी स्पिन करत बसत नाही, त्यामुळे सीपीयू वाचतो पण ट्रान्झॅक्शनचा वेळ वाढतो. पैसे कुठल्यातरी खिशातून जाणारच.

आता बघायचं कसं. कन्सोलवर डी सीएफ मारा, त्यात प्रोसेसर डेडिकेटेड की शेअर्ड आणि डायनॅमिक डिस्पॅचिंगची स्थिती दिसते. मग आरएमएफ या परफॉर्मन्स मोजणाऱ्या टूलचा कपलिंग फॅसिलिटी अॅक्टिव्हिटी रिपोर्ट काढा. तिथे लॉजिकल प्रोसेसर डिफाइन्ड किती आणि इफेक्टिव्ह किती ते बघा, डिफाइन्ड 2 आणि इफेक्टिव्ह 0.8 असं काही दिसलं तर समजून जा की सीएफला पूर्ण प्रोसेसर मिळत नाहीये. नंतर स्ट्रक्चरनिहाय (स्ट्रक्चर म्हणजे सीएफमधला डेटाचा कप्पा) सिंक आणि असिंकचा सर्व्हिस टाइम, आणि चेंज्ड म्हणजे सिंकमधून असिंकमध्ये ढकललेल्या रिक्वेस्टचा आकडा. सुरुवात लॉक स्ट्रक्चरपासून करा, आयएसजीलॉक (झेडओएसच्या रिसोर्सेसची लॉक) आणि आयआरएलएमचं (डीबी2ची लॉक), कारण दुखणं तिथे सगळ्यात आधी दिसतं. सरासरीवर जाऊ नका, शेजारी स्टँडर्ड डेव्हिएशन दिलेलं असतं ते सरासरीपेक्षा मोठं असेल तर मामला शेअरिंगचाच असण्याची शक्यता जास्त.

एक गंमत, पार्टिशन डेटा रिपोर्टमध्ये डेडिकेटेड सीएफ जवळपास 100 टक्के बिझी दिसते आणि नवीन माणूस घाबरतो. ते पोलिंग आहे हो. खरा वापर सीएफ अॅक्टिव्हिटी रिपोर्टमधलाच धरायचा.

सेटिंग तीन आहेत. ऑफ म्हणजे वर सांगितलं तसं. ऑन म्हणजे काम नसेल तर सीएफ प्रोसेसर सोडते आणि टायमर लावून झोपते, मग मधेच आलेल्या रिक्वेस्टला टायमर वाजेपर्यंत थांबावं लागतं, टेस्टला चालेल पण प्रॉडक्शनला नको. तिसरं थिन, 2013 साली झेडबीसी12 मशीनच्या काळात सीएफलेव्हल 19 (सीएफसीसीची आवृत्ती) बरोबर आलं. यात रिक्वेस्ट आली की इंटरप्ट जातो आणि पीआर/एसएम (एलपारना प्रोसेसर वाटून देणारा मशीनचा भाग) त्या सीएफला प्रोसेसर द्यायला बघतो, म्हणजे सारखं दार उघडून बघण्याऐवजी बेल बसवली. शेअर्ड असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नका, थिनच. झेड16 वर तर ऑन आणि ऑफ काढूनच टाकलेत, शेअर्ड सीएफला थिनच मिळतं.

जुन्या मशीनवर बदलायचं असेल तर एचएमसीवर (मशीन सांभाळायचा कन्सोल) त्या सीएफ इमेजचं ऑपरेटिंग सिस्टम मेसेजेस उघडा आणि डायनडिस्प थिन अशी कमांड द्या, एलपार बंद करावा लागत नाही. त्या प्रोसेसरवरच्या सगळ्या सीएफना द्या बरं का, एक जरी ऑफवर राहिली तरी ती बाकीच्यांचा वेळ खाणारच. झेडओएसच्या बाजूने डी एक्ससीएफ,कपल मारून कपलिंगथिनइंट हे फंक्शन एनेबल आहे ना तेही बघून घ्या. मग बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, सारख्याच लोडचा आरएमएफ रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, रात्रीच्या बॅचची तुलना दुपारच्या ऑनलाइनशी करून काही हाती लागत नाही.

थिनने जादू होते असं नाही. डेटा शेअरिंग जोरात असलेल्या प्रॉडक्शनला डेडिकेटेड आयसीएफच हवा, तसंही आयसीएफवर झेडओएसचं सॉफ्टवेअर लायसन्स मोजलं जात नाही. परवडत नसेल तर निदान प्रॉडक्शन सीएफचं वेट (शेअर्ड प्रोसेसरमधला वाटा) भरपूर जास्त ठेवा, गरजेपेक्षा जास्त लॉजिकल प्रोसेसर देऊ नका, आणि सीएफच्या एलपारला कॅपिंग (प्रोसेसर वापरावर मर्यादा) कधीच लावू नका. सिस्टम मॅनेज्ड डुप्लेक्सिंग (एकच स्ट्रक्चर दोन सीएफमध्ये ठेवणं) करत असाल तर दोन्ही सीएफ तपासा, कारण तिथे दोन सीएफ एकमेकींसाठी थांबतात आणि एक डेडिकेटेड, दुसरी शेअर्ड असली तर वेग शेअर्डवालीचाच मिळतो.