गॅलरीतल्या टोमॅटोला पाणी किती, कधी?
मुंबईत टोमॅटोची रोपं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात लावा, म्हणजे फुलं थंडीत येतील. एप्रिल-मेमध्ये रात्रीही उकाडा असतो. परागीभवन नीट होत नाही, फुलं गळतात. तेव्हा पाणी वाढवून उपयोग नाही.

कुंडी निदान 12 इंची, तळाला भोकं हवीतच. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच, सकाळी, तळातून झिरपेपर्यंत पाणी घाला. रोज कपभर शिंपडलं की मुळं वरच राहतात.

फळाचं बूड काळं पडलं? तो बुरशीचा रोग नव्हे, फळाला कॅल्शियम कमी पडतंय. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात पोचतं. आज कोरडं, उद्या चिखल केलं की पुरवठा तुटतो.

ओल्या मातीतही रोप मान टाकतंय? बहुधा मुळं गुदमरली आहेत. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. ताटली मात्र ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरून हाका येतील.