हात जमिनीला टेकत नाही? मग अय्यंगार गुरुजींचं त्रिकोणासन असं करा

बी. के. एस. अय्यंगार १९३७ ला पुण्यात योग शिकवायला आले तेव्हा वय जेमतेम १८, मराठी येत नव्हतं, आणि लहानपणी मलेरिया, टायफॉइड, टीबी सगळं होऊन गेलेलं. म्हणजे जन्मजात लवचिक वगैरे अजिबात नाही, म्हणूनच बहुतेक त्यांना आपल्यासारख्या कडक पाठवाल्यांचं दुखणं कळलं आणि त्यांनी खुर्ची, दोर, पट्टे, ब्लँकेट, लाकडी ठोकळे असलं सामान सरळ योगासनात आणलं.

तर भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा किंचित पुढे. पायात तीन-साडेतीन फूट अंतर. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं थोडं आत. उजव्या घोट्यामागे ठोकळा उभा ठेवा (नसेल तर घट्ट बांधलेला वह्यांचा गठ्ठा चालतो, मी तेच करते). आता दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून श्वास सोडत उजवीकडे वाका, हात ठोकळ्यावर, डावा हात वर. मांड्या आवळून गुडघे ताठ, पण मागे ढकलायचे नाहीत. गंमत भिंतीत आहे, डावा खांदा भिंतीपासून सुटला की समजा तुम्ही पुढे झुकताय, मग ठोकळ्याऐवजी खुर्ची घ्या, त्यात लाज कसली! २०-३० सेकंद थांबा, श्वास घेत वर या, दुसरी बाजू.

मान दुखत असेल तर वर बघू नका, समोरच बघा. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.