कपॅसिटरच्या एचव्ही (हाय व्होल्टेज) टेस्टला मीटर उगाच करंट दाखवतोय? या चुका टाळा

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, कपॅसिटरला हाय व्होल्टेज देऊन त्यातून गळणारा करंट, म्हणजे लिकेज, मोजतो. मागच्या ऑगस्टमध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ५ केव्हीवर लावला तर मीटर १४ मायक्रोअँपच्या खाली यायलाच तयार नाही. पोरगा म्हणे, भाऊ माल खराब आहे, परत पाठवा. म्हटलं थांब बावा, सप्लाय बंद कर, डिस्चार्ज कर, कपॅसिटर काढ आणि रिकामा जिग, म्हणजे तो बसवायची चौकट, ५ केव्हीवर चालव. रिकाम्या जिगवर १३!

आता सांगा, खराब कोण? रिकामं रीडिंग न घेताच मालाला शिव्या घालणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे, मीही वर्षानुवर्षं केली.

त्या १३ मधले ५ तर साध्या हिशोबाचे होते. व्होल्टेज बघायला लावलेला डिव्हायडर १००० मेगओहमचा, ५००० व्होल्टला तो ५ मायक्रोअँप खाणारच, आणि आमचा मीटर अशा जागी की तो करंटही त्यातूनच जायचा. मीटर कपॅसिटरच्या अर्थकडच्या वायरीत घेतला, डिव्हायडरचं खालचं टोक मीटरला वळसा घालून थेट सप्लायच्या रिटर्नला नेलं, ५ गायब. उरलेले ८ बेकलाइटच्या पट्टीवरून सरकत होते, वर पावसाळी ओल, सोल्डरिंगचा जुना फ्लक्स (चिकट राळ) आणि तर्री पोहे खाऊन न धुतलेल्या हातांचे ठसे. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली, पूर्ण उडू दिलं, मग ड्रायर मारला, अर्ध्या मायक्रोअँपच्याही खाली आलं. मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून जिग शहाण्यासारखा वागतो, पण शेड तापली की कपॅसिटरचाच लिकेज वाढतो, त्यामुळे रीडिंगशेजारी टेंपरेचर लिहाच.

घाईचं वेगळंच. सेकंदाला १०० व्होल्टने चढवलं तर १ मायक्रोफॅरडला नुसता चार्जिंग करंटच १०० मायक्रोअँप, तो लिकेज नाही. व्होल्टेज स्थिर झाल्यावरही करंट हळूहळू उतरत राहतो, म्हणून आम्ही बरोबर ६० सेकंदांनी आकडा घेतो, रोज तेवढ्यानेच.

काटा थरथरत असेल तर रिपल, म्हणजे सप्लायच्या डीसीवरचा एसी चढउतार, बघा, १०० हर्ट्झचा १ व्होल्ट रिपलसुद्धा एवढ्या कपॅसिटरमधून ०.६ मिलिअँप एसी ढकलतो. सूं सूं आवाज आला तर सोल्डरचं टोक कुठेतरी टोकदार राहिलंय, कोरोना आहे तो, म्हणजे टोकावरून हवेत होणारी विजेची गळती, टोक गोल करा.

आणि ५ केव्हीला यात १२.५ ज्यूल असतात, मस्करी नाही. रेझिस्टरवाल्या काडीने डिस्चार्ज केलं, झीरो बघितलं आणि चहाला गेलो, परत येऊन मीटर लावला तर टर्मिनलवर व्होल्टेज पुन्हा हजर! तेव्हापासून आमच्याकडे कपॅसिटर कपाटातसुद्धा शॉर्टिंग वायर लावूनच जातो.