जुन्या लष्करी रायफलवर स्कोप चढवण्याआधी

स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नंतर घ्या. आधी रायफल मुळात कशी मारते ते बघा, नाहीतर नेम कुठे चुकतोय एवढंच मोठं होऊन दिसेल.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढा आणि नळीच्या तोंडापासून सुरुवात करा. पोलादी गज वर्षानुवर्षं पुढूनच घालून साफसफाई झाल्यामुळे खरी झीज तिथेच असते. दारू नसलेलं डमी काडतूस उलटं धरून त्याची गोळी तोंडात घाला. ती थेट काडतुसाच्या पितळी नळकांड्यापर्यंत आत गेली, तर तोंड घासलंय. (काही रशियन मोसिन रायफलींचं तोंड दुरुस्तीत आतून रुंद केलेलं असतं. तिथे ही परीक्षा लागू नाही.)

मग दस्त्याचे, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाचे, स्क्रू घट्ट आहेत का बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अंदाज. पण लाकूड तासायची घाई नको. ब्रिटिश ली-एनफील्ड नं. 4 च्या नळीला पुढच्या टोकाशी लाकडाचा वरच्या दिशेने दाब मुद्दाम दिलेला असतो. नळी मोकळी केलीत तर नेम सुधारायच्या ऐवजी बिघडू शकतो. मोसिन 91/30 ची गोष्ट आणखी मजेची. तिची साइट (नळीवरची नेम धरायची खूण) संगीन लावून जुळवलेली असायची, त्यामुळे संगिनीशिवाय गोळ्या भलतीकडे गेल्या तर नळीला दोष देऊ नका.

आता 100 मीटरवर बाकावरून पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. जुनी, गंज धरवणारी काडतुसं वापरलीत तर त्याच दिवशी नळी पाण्याने धुवा, सुकवा, तेल लावा. त्या काडतुसांमुळे नळीत उरलेलं मीठ नुसत्या तेलाने जात नाही.

गट समाधानकारक असतील, तरच माऊंट, म्हणजे स्कोप बसवायची बैठक. माझी पसंती भोक न पाडता मागच्या साइटच्या जागी बसणाऱ्या माऊंटला. त्यावर स्कोप बराच पुढे येतो, म्हणून तो लांब आय रिलीफचाच, म्हणजे डोळ्यापासून दूर असतानाही नीट दिसणारा, हवा; पण वरून क्लिपने (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पट्टीने) काडतुसं भरता येतात आणि बोल्टचा दांडा आडवा येत नाही. स्कोप मागे, बोल्टच्या वर बसवायचा असेल, तर जर्मन माऊझर 98 चा सेफ्टीचा उभा पंख त्याला अडतो आणि सरळ दांडा असेल तर तोही वाकवावा लागतो. अमेरिकन गॅरंड रायफलीची 8 काडतुसांची क्लिप वर उडते, म्हणून तिच्या स्नायपर प्रकारांत स्कोप डावीकडे सरकवलेला असे. रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाला) भोकं पाडणं हा शेवटचा उपाय; सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारी रायफल असेल तर तोही नको, संग्राहकांच्या लेखी तिची किंमत तिथेच संपते.

माऊंटच्या स्क्रूंना थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एकेक थेंब लावा. बोल्ट रायफल असेल तर बोल्ट काढून 25 मीटरवरचं लक्ष्य नळीतून बघा, रायफल न हलवता स्कोपची फुली त्यावर आणा आणि मगच पहिली गोळी झाडा.