चढ-उताराची सायकल शर्यत संघाने कशी काढावी

डोंगराळ शर्यतीसाठी हमखास मिळणारा सल्ला असा: चढावर ज्याने-त्याने आपापलं बघावं, पुढे सपाटीवर एकत्र यावं. हे ऐकणारे संघ शेवटच्या रेषेवर एकेकटे, सुटे सुटे येताना दिसतात. सपाटीवर एकत्र येणं होतच नाही, कारण हिशेब त्याआधीच, माथ्यावर मिटलेला असतो. बहुतेक हौशी संघ शर्यत हरतात ती माथ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तीनशे मीटरमध्ये. म्हणून या लेखातला मोठा भाग त्याच तुकड्याबद्दल आहे.

तुमचा सराव झालेला आहे, घोळक्यात चाकाला चाक लावून चालवता येतं आणि संघात चार-पाच जण आहेत, असं धरून चालतो.

१. आदल्या दिवशी ठरवा

शर्यत कोणासाठी खेळायची ते एकदाच ठरवा. त्यासाठी ताज्या पायांनी कोण वेगात चढतो ते पाहू नका, शेवटच्या चढावर कोण तगून असतो ते पाहा. ही दोन माणसं बऱ्याचदा वेगळी निघतात. रस्त्यावर शब्द एकाचाच चालेल, तो कोणाचा हेही ठरवा. खुणेचे शब्द तीनच ठेवा: 'हळू', 'तुटला' (म्हणजे कोणीतरी मागे सुटला) आणि 'जा'. धाप लागल्यावर याहून जास्त कोणी बोलत नाही आणि ऐकतही नाही.

मार्गाचा नकाशा पाहताना सगळे चढाची लांबी आणि टक्के पाठ करतात. माथा ओलांडल्यावर लगेच काय आहे, सरळ उतार, वळणं की वाऱ्याचा उघडा माळ, हे कोणी पाहत नाही. तेवढं लिहून काढून हँडलबारवर चिकटवा.

२. सायकल

पुढे ३४ दातांची लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच). एवढा हलका गियर लावण्यात कमीपणा मानणाऱ्यांना चढाच्या मध्यावर सायकल डोलवत जाताना बघा. ब्रेक पॅड तपासा, टायरमध्ये हवा ठासून भरू नका. झालं.

३. चढाच्या पायथ्यापर्यंत

इथे तुमच्या चढणाऱ्या गड्याने वारा अंगावर घ्यायचा नाही. सपाटीवर जोर असलेल्यांनी त्याला आडोशात ठेवायचं आणि पायथ्याआधीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये घोळक्याच्या तोंडाशी आणून सोडायचं. पुढून चढायला लागलेला थोडा मागे सरकला तरी घोळक्यातच राहतो. मागून लागलेल्याला मात्र तुटणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालून पुढे यावं लागतं.

आधी पोटोबा. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट पहिल्या अर्ध्या तासापासूनच पोटात जायला हवं, कारण चढावर घास चावता येत नाही. आणि लहान चेनरिंगवर या, पण पेडलवर भार पडण्याआधी. भरल्या जोरात गियर टाकला की साखळी उतरते, आणि ती उतरते तेव्हा मागून येणारे सगळे तुम्हालाच चुकवत असतात.

४. चढाची सुरुवात

पहिली दोन मिनिटं फसवी असतात. हृदयाचे ठोके जोरामागून उशिरा वाढतात, त्यामुळे मनगटावरचा आकडा 'अजून दम आहे' असं सांगत राहतो. पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र, असेल तर त्याचं ऐका. नसेल तर एक अख्खं वाक्य बोलता येईल एवढ्याच जोरावर सुरुवात करा, मग इतर कितीही सुसाट सुटोत.

गती कोणी लावायची, यावर माझं मत ठाम आहे: सर्वांत तगड्याने नाही. दोन नंबरच्याने लावावी, एका लयीत, वळणांवर झटके न देता. त्याच्या चाकामागे जो तुटायच्या काठावर आहे तो, त्याच्यामागे तुमचा मुख्य गडी आणि शेवटी उरलेले. काठावरच्या माणसाला शेपटाला ठेवलं तर तो केव्हा गळाला ते कोणालाच कळत नाही. मध्ये असला की अंतर पडताक्षणी मागच्याच्या डोळ्यांसमोर पडतं. 'तुटला' असं ओरडायचं ते मागच्याने. तुटणारा स्वतः कधीच कबूल करत नाही, सगळा दम तो चेहरा सरळ ठेवण्यात घालवतो.

पेडलवर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या पुढच्या चाकाला लागते. उठताना पेडल दाबूनच उठा.

५. माथा

मला हा टप्पा सर्वांत उशिरा उमगला, आणि तो उमगला आकडेमोडीने. माथ्याजवळ तुम्ही ताशी १२ किलोमीटरने चढताय आणि पुढचं चाक २० मीटरवर आहे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, पण वेळेत ते ६ सेकंद आहे. पुढचे माथा ओलांडून उतारावर ताशी ५४ किलोमीटरने धावू लागले की त्याच ६ सेकंदांचे ९० मीटर होतात. पाय तुम्ही कुठेच सोडलेले नसतात, तरी घोळका हातचा गेलेला असतो.

हे ९० मीटर भरून काढणं म्हणजे वाऱ्याशी एकट्याने झुंजणं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दहा टक्के जास्त वेगासाठी सुमारे ३३ टक्के जास्त ताकद, आणि पुढचे तर एकमेकांच्या आडोशात आरामात चाललेले.

हेच २० मीटर माथ्याआधी भरायचे तर? पुढचे १२ने जात असताना तुम्ही १४ने गेलात तर ३६ सेकंद लागतात, म्हणजे १४० मीटर रस्ता. चढावर ताकद जवळजवळ वेगाच्याच प्रमाणात लागते, तेव्हा सहावा हिस्सा जास्त जोर पुरतो. त्रास होतो, पण सौदा स्वस्त आहे. अट एकच: माथा दिसल्यावर नव्हे, त्याआधी दीडशे ते दोनशे मीटरवर सुरू करायचं. हँडलबारवरचा कागद इथे कामाला येतो.

अजून एक गोष्ट. तीव्र चढावर, समजा आठ-नऊ टक्क्यांवर, पुढच्याच्या आडोशाचा फायदा नगण्य असतो, जोर सगळा वजन वर नेण्यात जातो. पण बहुतेक घाट माथ्याजवळ सैल होतात. चढ चार टक्क्यांवर आला की वेग २०च्या पुढे सरकतो आणि आडोसा पुन्हा मोलाचा ठरतो. म्हणजे चाकामागे असण्याची गरज नेमकी तिथेच परत येते जिथे तुम्हाला 'आता सुटलो' असं वाटतं. चढ सैल होण्याआधी चाक पकडा. मग एकेक गियर चढवत जा, दोन-तीन एकदम नको. आणि उतार खऱ्या अर्थाने लागेपर्यंत पेडलवरचा जोर सोडू नका. माथ्यावर ताठ बसून बाटलीला हात घालणारा माणूस दिसला की समजावं, याचा संघ आता एकाने कमी झाला.

कोणी कोणासाठी थांबायचं, याचे माझे नियम कडक आहेत. माथ्यावर साथीदार दहा सेकंदांच्या आत असेल तर एकाने मागे यावं, दोघांनी नाही. मुख्य गड्याने तर कधीच नाही. तीस सेकंदांच्या वर गेला असेल तर त्याला सोडा. तो मागच्यांबरोबर नवा घोळका बांधेल, तेच त्याच्या फायद्याचं आहे. मधल्या अंतराचा निर्णय ज्याच्याकडे शब्द दिलाय त्याचा, आणि त्यावर वाद हॉटेलवर गेल्यावर.

मागे यायचं म्हणजे ब्रेक मारून उभं राहायचं नाही. आधी घोळक्याच्या शेपटाशी सरका, मग जोर कमी करा आणि साथीदार दहा-बारा मीटरवर आला की पुन्हा वेग धरा. तो पोचेल तेव्हा दोघांचा वेग सारखा हवा. नाहीतर तो तुमच्या शेजारून सुसाट निघून जातो आणि तुम्ही त्याच्यामागे. असं घडताना मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

सरावात बदल एकच करा. जवळजवळ सगळे चढाचे सराव माथ्यावर संपवतात आणि पायांना तिथेच सैल व्हायची सवय लावतात. तुमचा सराव माथ्याच्या तीनशे मीटर पुढे संपवा. चौघांनी मिळून करा, दर वेळी एकाला मुद्दाम २० मीटर मागे ठेवून.

६. उतार

हात ड्रॉप्सवर (हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर), ब्रेक वळणाआधी, बाहेरचं पेडल खाली, नजर वळण संपतं तिकडे. दोन सायकलींत अंतर वाढवा, वळणांवर चाकाला चिकटून काही मिळत नाही. सीट सोडून सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या नळीवर बसून उतरायची पद्धत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२१मध्ये बंद केली आहे, तेव्हा ती चित्रफितीत बघण्यापुरतीच ठेवा. पहिल्या सरळ पट्ट्यात खा.

७. शेवटचे किलोमीटर

मुख्य गडी पुढच्या गटात आणि तुम्ही मागच्या गटात असाल तर ओढायला पुढे जाऊ नका. कोणी कितीही खुणा करो, शिव्या देवो, चाकामागे बसून राहा. आपल्याच माणसाचा पाठलाग जोशात करणारे हौशी संघ प्रत्येक शर्यतीत असतात. दोघे पुढच्याच गटात असाल तर कमी वेगवान असलेल्याने दोन-तीन किलोमीटर आधी 'जा' म्हणून एकट्याने निसटावं. त्याला पकडण्याची मेहनत इतरांना करू द्या, दुसऱ्याने तोवर गप्प त्यांच्या मागे बसावं आणि तो पकडला गेला की लगेच, कोणी श्वास घ्यायच्या आत, स्वतः सुसाट निघावं.